जयवंत सरांचा पीएच

जयवंत रोकडे सरांनी उभी नोकरी पीएच शिकवण्यात घालवली. रसायनशास्त्रात इतरही पुष्कळ गोष्टी असतात आणि त्याही त्यांनी शिकवल्या, पण पोरांच्या लक्षात राहिला तो पीएचच. नारायणगावच्या बाजारात टोमॅटोचं क्रेट उचलणाऱ्या एखाद्या बाप्याला हटकून विचारा. तो सायन्सचा निघाला, तर क्रेट खाली न ठेवता सांगेल, “सात म्हणजे न्यूट्रल, खाली आम्ल, वर अल्कली.” आणि तेही सरांसारखाच ‘अल्कली’तल्या ‘ल’वर जोर देऊन.

अशा माणसाच्या स्वतःच्या हॉलमधलं, काचेच्या टाकीतलं, दोन-चार बादल्या पाणी साडेआठच्या खाली यायला तयार होईना, ही गोष्ट निदान निवृत्तीनंतर तरी सरांच्या वाट्याला यायला नको होती.

टाकी घरात आली ती सरांच्या आईसाठी. जानकाबाई तिकडे घोडेगावच्या पुढे, भीमाशंकरच्या रस्त्याला शिनोलीत राहायच्या. पावसाळ्यात अंगणातल्या शेवाळावरून त्यांचा पाय सरकला, गुडघा सुजला आणि सरांनी त्यांना उचलून नारायणगावच्या फ्लॅटवर आणलं. गुडघा पंधरवड्यात बरा झाला. जानकाबाई काही बऱ्या होईनात. भांडायच्या नाहीत, रडायच्या नाहीत. रोज सकाळी आंघोळ करून, लुगड्याची पिशवी बांधून, दाराशेजारच्या खुर्चीत बसायच्या आणि विचारायच्या, “जयवंता, आज न्हेतोस का शिनोलीला?”

“आये, तिथं एकटी कशी राहशील?”

“एकटी? तिथं सगळी वस्ती हाय. एकटी मी हितं हाय.”

तसं ते खरंच होतं. सरांच्या पत्नी ज्योत्स्नाबाई पतपेढीत कामाला जायच्या, शेजारची दारं बंद असायची, आणि सर स्वतः पेपर वाचायचे. संध्याकाळी जानकाबाई पिशवी सोडून ठेवायच्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा बांधायच्या.

मग दिवाळीला पुण्याहून मुलगी आली, स्नेहा, आणि तिनं आजीसाठी माशांची टाकी आणली. साधी नव्हे, आत खरीखुरी हिरवी झाडं लावलेली. “पप्पा, ही कम्युनिटी टँक आहे,” ती म्हणाली. “म्हणजे वेगवेगळ्या जातींचे मासे एकाच पाण्यात एकत्र राहतात. कोणी कोणाच्या वाटेला जात नाही.” हे ऐकून सरांना टाकी पाहण्याआधीच आवडली.

शेजारपाजारच्यांनी लगेच सांगितलं की टाकी ईशान्येला ठेवा, लाभते. सर बुद्धिवादी माणूस. त्यांनी ती केवळ तत्त्वासाठी बरोबर उलट्या कोपऱ्यात, नैर्ऋत्येच्या खिडकीपाशी ठेवली. तिथं दुपारचं सगळं ऊन थेट टाकीवर येतं हे आठवड्याभरात काचा आतून हिरव्या झाल्यावर कळलं. पण तत्त्वाच्या बाबतीत माघार घेणं सरांच्या स्वभावात नव्हतं. त्यांनी खिडकीला ज्योत्स्नाबाईंची जुनी चादर लावली.

जानकाबाईंनी पहिल्या दिवशी टाकीकडे संशयानं पाहिलं. दुसऱ्या दिवशी खुर्ची दारापासून उचलून टाकीसमोर घेतली. तिसऱ्या दिवशी पिशवी बांधलीच नाही. आत निऑन टेट्रा नावाचे इवलेसे मासे होते, अंगावर निळी चमकती रेघ असलेले. त्यांना त्या ‘दिवं’ म्हणायच्या. एक चपटा, उंच, गंभीर एंजल मासा या काचेपासून त्या काचेपर्यंत येरझाऱ्या घालायचा. त्याचं नाव त्यांनी ‘मास्तर’ ठेवलं. सरांनी या नावाचा खुलासा विचारला नाही. घरात आईचा आवाज पुन्हा ऐकू यायला लागला होता. “अय मास्तर, त्या बारक्यांना खाऊ दे की जरा!” असं टाकीला सांगणं चालू असायचं, आणि स्वयंपाकघरात ज्योत्स्नाबाई हसायच्या.

सरांनी मनात हिशेब मांडला तो सरळ होता. मासे आहेत तोवर आई इथं आहे.

आणि नेमके दिवे विझायला लागले.

आधी एक गेला. मग दोन दिवसांनी आणखी एक. जानकाबाईंनी मेलेला मासा हातावर घेतला, गॅलरीतल्या कुंडीत पुरला आणि सरांकडे न बघता म्हणाल्या, “त्यास्नी बी हितलं पानी मानवत न्हाय.” दुसऱ्या दिवशी खुर्ची टाकीसमोरच होती, पण मांडीवर पिशवी होती.

स्नेहानं फोनवर सांगितलं, “पप्पा, पीएच बघा. टेट्राला सातच्या आसपास लागतो, जरा कमीच. मी मीटर पाठवते.”

मीटर आला. पेनासारखा, बुडवला की आकडा दाखवणारा. सरांनी तो टाकीत बुडवला. ८.४. सरांनी तो पुसला, झटकला, पुन्हा बुडवला. ८.५. सरांना हा आकडा वैयक्तिक वाटला.

आता नारायणगाव-जुन्नरच्या लोकांविषयी एक गोष्ट सांगायला हवी. हा द्राक्षांचा मुलूख. द्राक्षावर औषध मारायचं तर आधी ब्लोअरच्या टाकीतल्या पाण्याचा पीएच खाली आणावा लागतो, नाहीतर महागाचं औषध वाया जातं. त्यामुळे जगात इतरत्र माणसं हवापाण्यावर बोलतात, तशी इथली पीएचवर बोलतात. सरांनी खाली दूध आणायला गेल्यावर ‘साडेआठ’ एवढा एकच शब्द उच्चारला आणि दूध हातात पडायच्या आत तीन सल्ले मिळाले. एकानं लिंबू पिळायला सांगितलं. दुसऱ्यानं सायट्रिक सांगितलं. तिसरा सरांचा जुना विद्यार्थी रामनाथ, गावाबाहेर त्याची द्राक्षबाग. तो म्हणाला, “सर, फॉस्फरिक. मी ड्रिपला तेच सोडतो. घरीच हाय कॅन, संध्याकाळी घेऊन येतो.”

“मात्रा किती?” सरांनी सावधपणे विचारलं.

“तुमीच शिकवलंय की सर,” रामनाथ आदरानं म्हणाला. हा आदर सरांना गोत्यात आणणार होता.

पण सर शिस्तीचे. आधी शास्त्रशुद्ध तपासणी, मग उपाय. ते पाण्याची बाटली घेऊन जुन्नरला पाणी तपासणीच्या कचेरीत गेले. खिडकीमागच्या बाईंनी विचारलं, “पिण्याचं की शेतीचं?”

“माशांचं.”

“तसं नसतं. पिण्याचं की शेतीचं?”

मासे ते पाणी पितात की नाही यावर सरांनी क्षणभर विचार केला आणि शेतीचं म्हणाले.

“पीक कोणतं?”

“मॅडम, मासे.”

“मासे पिकात बसत नाहीत. मागं लाईन आहे सर. द्राक्ष लिहू?”

आठवड्यानं अहवाल आला. पाणी जड असून द्राक्ष पिकास मध्यम योग्य आहे, शेणखत भरपूर घालावे. ज्योत्स्नाबाईंनी तो वाचला आणि इतकंच विचारलं, “शेणखत तुम्ही घालणार की मी आणू?”

दरम्यान खालच्या मजल्यावरच्या साधनाताई वर आल्या. त्या आरोग्य खात्यात, डासांच्या अळ्या शोधायचं काम त्यांच्याकडे. साठवलेलं पाणी आठवड्यातून एक दिवस ओतून टाकून भांडी कोरडी करायची, असा त्यांचा आग्रह असतो आणि तो बरोबरही आहे. त्यांनी टॉर्च मारून टाकीत पाहिलं. “सर, उद्या कोरडा दिवस. ही पण कोरडी करा.”

“अहो, मासे आहेत त्यात!”

“मासे मी पण बघतेय. पण आमच्याकडं पिंप, हौद, कूलर, टायर एवढंच आहे. माशांची टाकी लिहायला जागा नाही.” मग टॉर्च एका कोपऱ्यात थबकला. “अगंबाई, गप्पी!”

कम्युनिटीत गप्पी मासेही होते. जड पाणी गप्पींना फार मानवतं. दिवे विझत होते त्याच पाण्यात गप्पींनी तीन पिढ्या वाढवल्या होत्या. आणि गप्पी डासांच्या अळ्या खातात, म्हणून ते आरोग्य खात्याचे लाडके. साधनाताईंचा चेहरा उजळला. दुसऱ्या दिवसापासून लोक बाटल्या घेऊन सरांच्या दाराशी यायला लागले. “गप्पी केंद्र हेच का?” सर दार उघडून म्हणायचे, “हे माझं घर आहे,” आणि मग गाळणीनं गप्पी काढून द्यायचे. जानकाबाई प्रत्येकाला बसवायच्या, कुठल्या गावचे, कुणाचे कोण विचारायच्या. त्या आठवड्यात त्या बऱ्याच खुलल्या. पण गप्पी जगले म्हणून दिवे जगत नव्हते. आणखी एक कुंडीत गेला.

सरांनी रामनाथचा कॅन उघडला.

ते अत्यंत काळजीपूर्वक वागले. मगभर पाण्यात मोजके थेंब, तो मग हळूच टाकीत, तासाभरानं मीटर. ७.२! सरांनी ज्योत्स्नाबाईंना स्वयंपाकघरातून बोलावून आकडा दाखवला. सकाळी उठून पाहिलं, ८.३. पुन्हा थेंब. पुन्हा ७.२. पुन्हा सकाळी ८.४. असं रोज. सर रोज पीएच खाली उतरवायचे आणि तो रोज रात्रीतून वर चढून बसायचा. सर आम्ल वाढवत गेले. शिकवण्याच्या काळात असा हट्टी विद्यार्थी त्यांना एकही भेटला नव्हता.

पण एक चांगली गोष्ट घडत होती. आम्ल टाकलं की थोड्या वेळानं टाकीत बारीक बारीक बुडबुडे वर चढायला लागायचे, मोत्यांच्या सरीच सरी. सरांनी ते ओळखलं. झाडं खूश आहेत, प्रकाशसंश्लेषण जोरात चालू आहे, हा प्राणवायू! एवढं सुंदर दृश्य एकट्यानं पाहणं त्यांना पटेना. रविवारी त्यांनी रामनाथला आणि त्याच्या बॅचच्या आणखी दोघांना चहाला बोलावलं. तिघंही बागांतून थेट आले, दाराबाहेर चपला काढून, पूर्वीसारखे ओळीनं बसले. सर टाकीशेजारी उभे राहिले. किती वर्षांनी समोर वर्ग होता! त्यांनी आम्लाचा मग ओतला, बोट काचेवर ठेवलं आणि आवाज लागला.

“हे जे बुडबुडे तुम्ही पाहताय, ते वनस्पतीच्या पानांतून...”

बोट बुडबुड्यांच्या एका सरीवरून खाली खाली जात होतं, पानाचा शोध घेत. पान आलंच नाही. बुडबुड्यांची ती सर थेट तळाला, पांढऱ्या खडीला जाऊन भिडली.

ती खडी सरांनीच घातली होती. स्नेहानं दिलेली काळी वाळू जानकाबाईंना अंधारी वाटली, म्हणून सरांनी फरशीच्या दुकानातून संगमरवराची छान धुतलेली खडी आणून वर पसरली होती. संगमरवर. कॅल्शियम कार्बोनेट. त्यावर आम्ल पडलं की काय होतं, याचा प्रयोग सर दरवर्षी जुलैत करून दाखवायचे. दरवर्षी.

सरांनी बोट काचेवरून काढलं.

“...पानांतून,” सर म्हणाले, “आणि इतर मार्गांनी येत असतात. चहा घ्या.”

रामनाथनं मान डोलावली. “बरोबर सर.” बाकीच्या दोघांनी चहात बिस्किटं बुडवली आणि पुढचा सगळा वेळ तिघंही कपात बघत होते. त्यांना कळलं होतं हे सरांना कळलं, आणि सरांना कळलं हे त्यांना. शिकवलेलं वाया गेलं नव्हतं, हेच त्यातलं दुःख. सरांचे कान कितीतरी वेळ गरम होते.

“काय झालं?” पाहुण्यांतले दोघं गेल्यावर ज्योत्स्नाबाईंनी विचारलं.

“काही नाही. खडी काढायची आहे. रंग पटत नाही.”

रामनाथ मदतीला थांबला. दोघांनी बाह्या वर करून सगळी खडी उपसली. सर ती पाटीत भरून खाली टाकायला गेले, आणि ज्योत्स्नाबाई भाजीला गेल्या. वर रामनाथ एकटा. गुरूची फजिती त्याला बघवली नव्हती. आता सरांनी वर येऊन मीटर बुडवावा आणि समोर ‘सात’ दिसावं, एवढीच त्या भल्या माणसाची इच्छा. गाडीत फवारणीचं पीएच खाली आणायचं औषध होतंच. त्यानं ते आणलं आणि सवयीनं, ब्लोअरच्या मापानं, ओतलं.

सर वर आले. रामनाथ काही बोलायच्या आत त्यांच्या हातानंही सवयीनं रोजचा आम्लाचा मग ओतला.

मीटर दाखवत होता ४.९.

“सर,” रामनाथ हलक्या आवाजात म्हणाला, “फवारणीला एक नंबर पाणी झालंय.”

मासे वर आले होते. दिवे, मास्तर, सगळे पाण्याच्या वरच्या काठाला तोंडं लावून उघडझाप करत होते. दिव्यांची निळी रेघ फिकी पडली होती. सरांनी नळ सोडला, बंद केला, पुन्हा सोडला. एकदम साडेआठचं पाणी घातलं तर धक्क्यानंच मरतील, न घातलं तर असेच मरतील. पुस्तकात दोन्ही बरोबर होतं. मासे गेले तर उद्या सकाळी पिशवी बांधली जाईल आणि या वेळी आपण नाही म्हणू शकणार नाही, हे त्यांना स्वच्छ दिसत होतं.

जानकाबाई खुर्चीतून उठल्या. गुडघ्याला हात न लावता उठल्या.

“किटली आन दुधाची. मोठी.”

“आये, जरा थांब, हळूहळू बदलावं लागतं, नाहीतर...”

“तुजं शास्तर ऱ्हाऊ दे कपाटात. माज्या हिरीचं पानी गोड हाय. हितं मरायच्यापरीस तिथं मरूंद्यात. रामनाथ, गाडी काढ बाबा.”

“आजी, गाडीत क्रेट हायेत...”

“ह्यो बसंल क्रेटवर.”

सरांनी ज्योत्स्नाबाईंना फोन केला. “आम्ही शिनोलीला निघालोय. मासे सिरियस आहेत.” पलीकडे भाजीवाल्याचा ओरडा ऐकू आला, मग, “बरं. स्वेटर न्या आईंचा.”

पिकअपमध्ये पुढे रामनाथ, त्याच्या शेजारी मांडीत किटली घेऊन जानकाबाई, आणि मागच्या हौद्यात द्राक्षाच्या रिकाम्या क्रेटवर, हातात पीएच मीटर घेऊन रोकडे सर. जानकाबाई पळीनं पाणी ढवळत होत्या, आत हवा जावी म्हणून. मधूनच मागच्या काचेवर टकटक व्हायची आणि त्या ओरडायच्या, “एक उलटा झालाय!” मग जरा वेळानं, “सुलटा झाला!” मंचरच्या चौकात गाडी थांबली तेव्हा एक मोटारसायकल शेजारी येऊन उभी राहिली. “सर! नमस्कार! माल घेऊन निघालात का?” सर म्हणाले, “हो.” दुसरं काय सांगणार?

शिनोलीला अंगणात म्हशीचा जुना सिमेंटचा हौद होता. म्हैस विकली, तेव्हापासून कोरडा. शेजारच्या सोनीबाई, जानकाबाईंची जन्माची मैतरीण, डोंगराकडची, नाचणी पाखडता पाखडता सूप टाकून धावत आल्या. “काय गं, कोण आजारी हाय? किटलीत काय?”

“माजी मासं हायती. पंप चालू कर.”

हौद धुतला, भरला. एवढ्यावर मात्र सरांनी हात जोडले. “आये, एकदम ओतू नको. हौदातलं थोडं थोडं किटलीत घाल. एवढं तरी ऐक.” जानकाबाईंनी ऐकलं. मायलेक हौदाच्या काठावर समोरासमोर बसले आणि फुलपात्रानं विहिरीचं पाणी किटलीत सोडत राहिले. एक फुलपात्र, जरा दम, पुन्हा एक. ऊन कलेपर्यंत. मग किटली आडवी केली. मास्तर बाहेर पडला, हौदाच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत गेला आणि वळला. मागोमाग उरलेले दिवे निघाले. तिरपे, धडपडत, पण निघाले. सोनीबाई म्हणाल्या, “अगं बया, चमाकत्यात की गं.”

सरांनी मीटर हौदात बुडवला. ७.०.

“सात!” सर ओरडले. “आये, सात! न्यूट्रल! रामनाथ, बघ, एकही थेंब न घालता सात!” त्यांनी अंगणात खरोखर एक गिरकी घेतली असती, पण सोनीबाई बघत होत्या.

जानकाबाई काठावर निवांत बसल्या होत्या. “झालं मग,” त्या म्हणाल्या. “मासं हितं ऱ्हायली. म्या बी हितंच ऱ्हाते. तू जा जयवंता, अंधार व्हईल.”

सर मीटर हातात धरून उभे राहिले. आकडा अजून सातच दाखवत होता.

परतताना ते पुढच्या सीटवर बसले. घरी टाकीत झाडं होती, ज्योत्स्नाबाईंनी पाणी बदलून वाचवलेले गप्पी होते, समोर रिकामी खुर्ची होती. ज्योत्स्नाबाईंनी तीन ताटं मांडली आणि एक उचलून ठेवलं. सरांना वाईट वाटत होतं आणि ते त्यांनी तसं सांगितलंही. ज्योत्स्नाबाई म्हणाल्या, “त्यांचं घर आहे ते. खूश असतील तर राहू द्या.”

खूश होत्या का? पहिला फोन दुसऱ्याच दिवशी आला. “जयवंता, त्यो खंड्या मेला तारंवर बसलाय सकाळधरनं. माज्या हौदाकडं बघतोय.”

“जाळी टाक आये वरून.”

“जाळी टाकली. आता सोनीबाईची शेरडं येऊन जाळी खात्यात.”

मग बगळा आला. मग वस्तीवरची मांजर हौदाच्या काठावरून फिरताना दिसली. मग शेजारचं वासरू तोंड घालून निम्मा हौद प्यायलं. “मास्तर वाचला, म्हनून बरं.” जानकाबाई छत्री आणि काठी घेऊन दिवसभर हौदाशी बसायच्या. सोनीबाईंच्या ओट्यावर दोन घटका जाणं नाही, विहारात बायकांच्यात बसणं नाही, दुपारचा डोळा लागणं नाही. ज्या वस्तीत हिंडायला जीव तुटत होता, त्या वस्तीत त्यांना हौद सोडून चार पावलं जाता येईना. सोनीबाईंनी ओट्यावरून ओरडून गप्पा मारायच्या आणि यांनी हौदावरून ओरडून उत्तरं द्यायची. सर फोनवर उपाय सुचवायचे. एकदा त्यांनी हौदाभोवती चुन्याची रेघ मारायला सांगितली, मुंग्या येऊ नयेत म्हणून, आणि स्वतःच दचकून ओरडले, “नको नको! चुना नको!”

शेवटी एका सकाळी फोन आला. आवाज हुकमाचा होता. “मोटार घिऊन ये. आन पान्याचं ड्रम आन, झाकनाचं. माज्या हिरीचं पानी त्या काचंत वत आन ह्यास्नी आत घाल. मला एक घटकाभर बी उठू देईनात ही.”

“आणि तू?”

“मंग मासं काय एकटीच यनार का?”

आता दर रविवारी शिनोलीची फेरी असते. सर ड्रम घेऊन निघतात, जानकाबाई पुढे बसतात. टाकी आता ईशान्येला आहे. ऊन लागत नाही म्हणून, असं सर प्रत्येकाला न विचारता सांगतात. शिनोलीत उतरल्यावर जानकाबाई जय भीम घालत आख्खी वस्ती पालथी घालतात, तीन घरी चहा पितात, आणि सर विहिरीवर नळी लावून ड्रम भरत बसतात. दिवे आता सगळे टवटवीत आहेत. मीटरचा सेल कधीच संपला. सरांनी नवा घातलेला नाही.

गेल्या रविवारी ड्रम भरत आला होता तेव्हा सोनीबाईंच्या ओट्यावरचं बोलणं त्यांच्या कानावर पडलं.

“ऱ्हा की गं आजची रात,” सोनीबाई म्हणत होत्या. “एक दिस मासं काय मरत न्हाईत तुजी.”

“मासं न्हाय गं,” जानकाबाई म्हणाल्या. “मासं काय, पानी आसलं की जगत्यात. ह्यो माजा ल्योक. सून जाती कामाला, पोरगी पुन्याला. ह्याला एकट्याला घरात सोडला, की कायतरी वतून ठिवतो बग.”

दोघी खूप वेळ हसल्या. सरांना राग यायला हवा होता. नोकरीभर ताठ ठेवलेली मान होती ती. पण तो आला नाही. ड्रम केव्हाच भरून वाहत होता, पायताणं भिजली होती, आणि सर नळी हातात धरून तसेच उभे होते. त्यांना फार बरं वाटत होतं.

“जयवंता,” आई ओट्यावरून ओरडली, “नळी काढ, पानी चाललंय!”